बिनचमकीची जीप

दोन हजार सहा साल. मला एकसष्टावं लागलं होतं आणि माझा हात अजून कापत नव्हता. हाताचं आधीच सांगून ठेवतो, कारण त्या वर्षी गावात उलट बोललं जात होतं.

मी पेंटर. राळेगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथं चाळीस वर्षं रंगाचं काम मी एकट्यानं केलं. शाळेत तिसरीपर्यंत गेलो. अक्षरं पाटीवर कमी आणि लोकांच्या भिंतींवर जास्त शिकलो. पण माझं खरं काम म्हणजे बैलबंडी. चाकं लाल, चाकाच्या कडेनं पिवळी रेघ, जुवावर निळी फुलं. जवसाच्या तेलात घोटलेला रंग असा चकाकायचा, की बंडीत बसायला आलेली नवरी चाकात तोंड पाहून टिकली सरळ करायची. हे मी फुगवून सांगत नाही, पाहिलेलं सांगतो.

आणि पोळा. पोळ्याच्या सकाळी सगळ्या गावाचे बैल माझ्या दारात. शिंगं रंगवायची ती माझ्या हातानं, असं कोणी ठरवलेलं नव्हतं, पण चाळीस वर्षांत कोणी मोडलंही नव्हतं. सरपंचसुद्धा कासरा धरून आपला नंबर येईपर्यंत उभा राहायचा. वर्षातले बाकीचे दिवस मला कोणी विचारो न विचारो, त्या एका सकाळी गावात माझ्यापुढं कोणी नव्हतं. त्या सकाळच्या जोरावर मी वर्ष काढायचो.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. सगळ्यांनी भोगली, मी वेगळं काय सांगू. माणूस अडचणीत आला की सगळ्यात आधी रंग बंद करतो, कारण रंग खाता येत नाही. दोन दिवाळ्या गेल्या, माझ्या दारात एक बंडी आली नाही. बैल विकले जात होते आणि बैलांमागं बंड्याही मोडल्या जात होत्या. शेजारच्या गावात मी रंगवलेलं एक चाक मी चुलीपाशी पाहिलं. अर्धं जळलेलं. लाल रंगाला फोड आले होते. तिथं मी पाणीसुद्धा प्यालो नाही.

माझा भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा तो चड्डीतला होता. मी त्याला वाढवला असं मी म्हणत नाही, लोक म्हणतात. ब्रश धरायला मात्र मीच शिकवला. रेघ ओढताना मनगट हलवायचं नाही, हात खांद्यातून न्यायचा, श्वास धरून ठेवायचा. त्याला ते जमलं, पण त्याचं मन वावरात. वाटणी झाली तेव्हा त्यानं बैलजोडी मागितली आणि मी रंगाचे डबे ठेवून घेतले. घर एक होतं ते दोन झालं. आंगणात मधोमध पराट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, कूड घातला. कूड म्हणजे काही भिंत नव्हे. त्यातून बोलणं ऐकू येतं, धूर येतो, आणि डोळा लावला तर दिसतंही.

त्याची जोडी सावळी होती. काळ्या मातीवर पाऊस पडून गेला आणि जरा ऊन लागलं की माती जशी दिसते, तसा रंग. पोळ्याला पहिली शिंगं मी त्याच जोडीची रंगवायचो, मग बाकी गावाची. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यानं ती विकली. मला विकून आल्यावर सांगितलं.

“दादा, जोडी देली.”

“कोणाले?”

“कळंबकडचा माणूस होता. चांगला वाटला.”

मी म्हणालो, “मंग आता पोळ्याले खुंट्याले काय बांधशीन?”

“जीप,” तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतो आहे. आठ दिवसांनी ट्रॅक्टरला बांधून खरंच एक जीप आली. राळेगावच्या भंगारातून उचललेली. एक दार दोरीनं बांधलेलं, खालचा पत्रा गंजून कुरडईसारखा झालेला. आमच्या गावाला एसटी दिवसातून दोनदा यायची, तीही आली तर. हा जीपमधून माणसं राळेगावला नेणार, आणणार. इंजिनाचं काम त्याला येत होतं. मागचे दोन उन्हाळे तो यवतमाळला एका गॅरेजवर राबला होता.

वरून मी म्हणालो, “भंगार ते भंगार.” पण आतून सुखावलो होतो. इंजिन तो पाहील, पण रंग? रंगाला माझ्याशिवाय कोण आहे? मी ब्रश टरपिनात भिजत घातले. मनात सगळी जीप रंगवून झाली. लाल अंग, दोन्ही दारांवर मोर, समोर कमळ, मागं झेंडूची माळ.

बायको म्हणाली, “बोलावलं का तुमाले?”

“बोलवाचं काय त्यात? माहा भाऊ होय तो.”

“तेच म्हणतो मी. बोलावलं का?”

पंधरा दिवस गेले. कुडापलीकडं पत्रा घासल्याचा आवाज येत होता. आधी कोरडा कागद, मग ओला कागद. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, परत घासली, त्यावर अस्तराचा राखाडी हात मारला. काम चोख होतं, त्याबद्दल मी बोट दाखवणार नाही. पण ब्रश भिजवून बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घासण्याचा आवाज दाताखाली खडा आल्यासारखा लागतो.

श्रावणात झडी थांबून उघाड मिळाली तेव्हा तो माझ्याकडं आला. मी एकटाच ओट्यावर होतो, बायको पाण्याला गेली होती.

“दादा, उद्या सकाळी रंग मारतो म्हणतो.”

“मार ना. ब्रश भिजवूनच आहेत.”

तो जरा घुटमळला. “ब्रशानं नाही. फवाऱ्यानं. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणतो. आन रंगही तुह्यावाला नाही. मॅट मारून राह्यलो मी.”

“मॅट म्हंजे?”

“बिनचमकीचा.”

“मंग त्याले रंग कायले म्हणतेस? अस्तर म्हण.”

तो हसला. मग समोर बसून मला समजावून सांगू लागला. मला! चमकीच्या रंगात जुन्या पत्र्याचा खड्डा न खड्डा दिसतो, बिनचमकीच्या रंगात लपतो. त्या रंगात चमक मारणारी पूड असते, ती बुडाशी बसते, म्हणून सारखं ढवळत राहावं लागतं. एक भाग मारायला घेतला की मधे थांबता येत नाही, थांबलं की पट्टे. नंतर डागडुजी नाही, बिघडलं तर तो सगळा भाग परत.

“आन मारल्यावर त्याले तेल, तूप, मेण काहीच लागू द्याचं नाही,” तो म्हणाला. “चिकट आत मुरते आन डाग राहते. घासाले गेलं की तितकंच चमकते. लय नाजूक जीव आहे त्याचा.”

“असा नाजूक जीव सडकेवर कायले नेतेस? पाळण्यात घाल.”

तरी तो चिडला नाही. म्हणाला, “दादा, एक काम होतं. आंगणात साड्या बांधून आडोसा करतो. वारा आला तर एक टोक धरशीन का? घरची दुसरं टोक धरन.”

मी त्याच्याकडं पाहिलं. चाळीस वर्षं ज्यानं गाव रंगवलं त्याला हा साडीचं टोक धरायला बोलावत होता.

“मी पेंटर होय,” मी म्हणालो. “पडदा धराचं काम दुसऱ्याले सांग.”

त्या दिवसांत आमच्याकडं सकाळी सहा ते नऊ लाईन असायची, मग दुपारपर्यंत गुल. त्यानं पहाटेच आंगणात पाणी मारून धूळ बसवली. काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. धोतराच्या जुन्या तुकड्यातून रंग गाळून घेतला. कूड पराट्यांचा आणि मी बाजेवर डोळे मिटून पडलेला. मिटलेले म्हणजे कुडाकडच्या बाजूनं उघडे.

कॉम्प्रेसर सुरू झाला आणि पत्र्यावर पहिला पट्टा पडला. मी त्याच्या हाताकडं पाहिलं. मनगट हलत नव्हतं. हात खांद्यातून जात होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका श्वासात. ही माझी शिकवण. बंडीच्या चाकासाठी दिलेली. ती त्यानं नेली आणि माझं नावही न घेता फवाऱ्याच्या बंदुकीला जोडली. माझ्या छातीत जे झालं त्याला मत्सर म्हणतात हे मला कळतं, कोणी सांगायची गरज नाही. पण तेव्हा मला ते चोरी पकडल्यासारखं वाटलं.

बॉनेट अर्धं झालं आणि लाईन गेली. त्या दिवशी आठालाच गेली. कॉम्प्रेसर घरघरत बंद पडला, बंदुकीनं दोन थेंब थुंकले आणि रंगावर पट्टे उमटले. तो तसाच बंदूक धरून उभा राहिला. मी उठलो, आंघोळ केली आणि बायकोला म्हणालो, “आज भाजी चांगली झाली.” तिनं भाजी अजून केलेली नव्हती.

पण तोही माझाच भाऊ. त्यानं ते सगळं ओल्या कागदानं उतरवलं आणि दोन दिवसांनी पहिल्यापासून मारलं. या वेळी लाईन टिकली. वर्तमानपत्रं काढली, साड्या सोडल्या आणि जीप आंगणात उभी राहिली. ना काळी, ना राखाडी. तव्याच्या बुडाचा रंग, मी म्हणालो. ऊन पडलं तरी उत्तर देत नव्हती. माझ्या रंगावर ऊन पडलं की ते उसळून परत येतं. इथं ऊन गेलं ते गेलंच.

दुपारी कोणी नव्हतं तेव्हा मी पलीकडं गेलो आणि मागच्या बाजूला बोट लावून पाहिलं. नुसतं बोट. रंग चुलीतल्या राखेसारखा कोरडा आणि मऊ लागला. मला तो आवडला, आणि त्याचाच राग आला. संध्याकाळी कुडापलीकडून आवाज आला, “दादा, जेवून हात लावला का मांगं? बोट उमटलं ना बाप्पा.” त्यानं साबणाचं पाणी लावलं, फडकं टिपलं, पण माझ्या बोटाचा डाग काही गेला नाही. म्हणजे तेलातुपाचं तो जे बोलला होता ते खरं होतं. मला पक्कं माहीत झालं होतं. हे लक्षात ठेवा.

गाव जीप पाहायला येऊ लागलं. रोज. माझ्या ओट्यावरून जायचे, मला रामराम घालायचे आणि कुडापलीकडं वळायचे. मला सगळं ऐकू यायचं.

“का रंग बसवला गा! वाटतेच नाही भंगारातली.”

“हात असला त असा असावा.”

“मोठ्याचा हात आता थकला ना.”

तांड्यावरचा एक म्हातारा होता, माझ्याच वयाचा. तीस पोळे त्याच्या बैलांची शिंगं मी रंगवली. मला तो भिया म्हणायचा, म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. तो माझ्याकडं बसला, तंबाखू मळली आणि सरळ म्हणाला, “भिया, तुहा रंग डोळ्यात घुसते. त्याचा रंग डोळ्याले थंड लागते.”

“मंग औंदा शिंगं त्याच्याकडूनच फवारून घे.”

“त्याले विचारतो मी,” तो म्हणाला आणि हसला. थट्टा होती की खरं, ते मला कळलं नाही, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेनाही. पोळा चार दिवसांवर होता. त्या सकाळी बैल माझ्या दारात थांबले नाहीत, कुडापलीकडं वळले, तर? बंड्या गेल्या ते मी सोसलं होतं. शिंगं गेली तर मला गावात राहायला जागा नव्हती. मी ओट्यावर बसून येणाराजाणारा मोजायचो आणि जीपकडं पाहून मनात म्हणायचो, तुला खरूज होवो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदशेकणी असते. बैल धुऊन आणतात, वर्षभर जू वाहिलेले त्यांचे खांदे हळद-तुपानं पळसाच्या पानांनी शेकतात, चोळतात, आणि बैलाला जेवायचं आवतन देतात. बैलाचं काम वर्षभर आणि त्याची आठवण त्या एका संध्याकाळी. भाऊ त्या दिवशी जीपच्या कागदांसाठी एसटीनं यवतमाळला गेला होता. पोळ्यापासून माणसं न्यायला सुरुवात करायची असं त्यानं ठरवलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं यायचा होता.

दिवस कलायला आला तेव्हा त्याची बायको कुडाच्या फटीशी येऊन उभी राहिली. हातात ताट. ताटात हळद, वाटीत तूप, पळसाची पानं. माझी भावसून ती, मी तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं माझ्यासमोर डोक्यावरचा पदर हलू दिला नाही की माझ्याशी तोंडानं बोलली नाही. काही विचारायचं तर माझ्या बायकोला विचारायची, मी तिथंच बसलेला असलो तरी. आमच्यात तशीच रीत होती.

“बाई,” ती माझ्या बायकोला म्हणाली, “घरात बैल नाही औंदा. पण खांदशेकणी सुनी कशी जाऊ द्याची? इतके वर्स केली. जीपचीच करतो म्हणतो. आता तेच वाहणार ना आमाले.”

“कर ना मंग,” बायको म्हणाली.

“पण भासऱ्यायले विचारा. त्या रंगाले चालते का म्हणा तूप? हे मले म्हणत, घासू नोको, धुऊ नोको. तुपाचं काही म्हटलं नाही. आन गाडीचे खांद कुठं असते ते बी विचारा.”

बायको माझ्याकडं वळली. “आयकलं ना? चालते का?”

मी पळसाच्या पानांकडं पाहत होतो. तिनं ताजी तोडून आणली होती, धुतलेली. माझ्या डोक्यात तेव्हा काही मोठा डाव नव्हता. गावातले लोक ओट्यावरून पलीकडं जात होते, त्यांचे पाय माझ्या डोक्यात होते.

मी म्हणालो, “चालते म्हणा. तूप लोखंडाले चांगलंच असते. खांद म्हंजे समोरच्या चाकायच्या वर, दोन्ही बाजूनं. चांगलं चोळा म्हणा. बैलाचं चोळते तसं.”

बायकोनं शब्द न शब्द तिला सांगितला. ती गेली. मी बाजेवर बसून ऐकलं. पळसाचं पान गरम तव्यावर टेकवल्याचा बारीक आवाज. मग चोळल्याचा आवाज. ती मन लावून चोळत होती. मग तिनं जीपला हात जोडले आणि हळूच म्हणाली, जसं दर वर्षी बैलाच्या कानाशी म्हणायची तसं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

अंधार पडायच्या आत भाऊ आला. त्याची पायतणं कुडाशी वाजली आणि थांबली. मी फटीतून पाहिलं. समोरच्या दोन्ही चाकांच्या वरच्या पत्र्यावर पिवळे तुपकट चट्टे, परातीएवढे, आणि मधे जिथं चोळलं गेलं तिथं रंग चकाकत होता. माझ्या रंगासारखा.

“हे काय केलं?” तो म्हणाला.

“खांद शेकले.”

“तूप लावलं?”

“बैल नाही ना घरात.” तिचा आवाज तुटला. “मीच केलं. मले नाही समजलं.”

‘मीच केलं’ म्हणाली. विचारून केलं, असं म्हणाली नाही. भासऱ्यावर बोट ठेवायचं नसतं.

मी वाट पाहत होतो की तो आता ओरडेल. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो जीपच्या पायरीवर बसला. म्हणाला, “तुले सांगाचं राह्यलं माहं. दादाले त समोर बसून सांगतलं होतं, तेल-तूप चालत नाही म्हणून. तुलेच नाही सांगतलं.”

माझ्या बायकोच्या हातात भाकरीचं पीठ होतं. तिचा हात थांबला. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

पलीकडं तो बोलत होता, “पण तुले कसं समजलं?”

“काय?”

“का मी याले बैलायचा रंग देला. मी त कोणाले बोललो नाही.”

“इतके वर्स हात फिरवला त्यायच्या पाठीवर,” ती म्हणाली. “मले समजन नाही?”

मी फटीतून परत पाहिलं. संध्याकाळच्या उरल्यासुरल्या उजेडात जीप उभी होती. पाऊस पडून गेलेल्या मातीचा रंग. तीच जोडी. दर पोळ्याला ज्यांची पहिली शिंगं मी रंगवली, त्यांच्या पाठीशी उभा राहून. सगळ्या गावाला रंग शिकवणारा मी, आणि महिनाभर फटीला डोळा लावूनसुद्धा मला तो रंग ओळखता आला नव्हता. जिला रंगातलं काही कळत नाही तिनं ओळखला. खरं सांगू? त्या घटकेलाही माझ्या मनात पहिला जो विचार आला तो लाजेचा नव्हता. मला तिचाही हेवा वाटला.

बायकोनं हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हळू बोलली, पलीकडं जाऊ नये म्हणून.

“तुमाले मालूम होतं.”

मी फटीपासून बाजूला झालो.

“तुमाले मालूम होतं आन माह्या तोंडानं वदवलं. उद्या ते मले तोंड दाखवन, मी तिले काय दाखवू?”

“जेवाले वाढ.”

“वाढून घ्या,” ती म्हणाली. बेचाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी वाढून घेतलं नाही. ती जेवली की नाही ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. उजाडायच्या आधी उठलो. लाल, पिवळा, निळा, तिन्ही डबे उघडून ओट्यावर ठेवले, ब्रश टरपिनातून काढून पुसून डब्यांवर आडवे मांडले. मग शेजाऱ्याची हातगाडी घेतली आणि फाट्याकडं निघालो. त्या दिवशी बैलाला जू लावत नाहीत, म्हणून गाडी मीच ओढायची.

पंक्चरवाला दात घासत होता. “पेंटरभाऊ, आज पोळा ना? शिंगं सोडून इकडं कुठं?”

“कॉम्प्रेसर पाह्यजे.”

“कोणाले?”

“मले,” मी म्हणालो.

येताना चिखलात चाक रुतत होतं. एकसष्टाव्या वर्षी कॉम्प्रेसर ओढायची वस्तू नाही, पण मी दोनदाच थांबलो. गावाजवळ तांड्यावरचा तो म्हातारा समोरून आला, दोन्ही बैल धुऊन लखलखीत, मागं आणखी तिघंचौघं कासरे धरून.

“भिया, तुह्याकडंच येऊन राह्यलो ना! दारात डबे आहेत आन माणूस नाही. हे काय ओढून राह्यला?”

म्हणजे ते येणारच होते. सगळेच्या सगळे. चार दिवस मी उगाच माणसं मोजली होती.

“औंदा आपापली शिंगं आपणच रंगवा,” मी म्हणालो. “लाल आधी, सुकलं की पिवळं. मनगट हलवू नोका.”

ते एकमेकांकडं पाहत उभे राहिले. मी पुढं गेलो.

भाऊ आंगणात होता. साबणाच्या पाण्यानं तूप उतरवून ओल्या कागदानं दोन्ही बाजू घासत होता, पहाटेपासून असणार. मी हातगाडी टेकवली. तो कॉम्प्रेसरकडं पाहत राहिला.

“काल खांद मी दाखवले,” मी म्हणालो. “तिनं विचारलं होतं. तूप चालते म्हणून मीच सांगतलं.”

त्याचा कागद थांबला. भावसून विहिरीकडून आली होती, ती तिथंच पदर ओढून उभी राहिली. तो माझ्याकडं इतका वेळ पाहत राहिला की मला वाटलं, आता बोलेल ते आयुष्यभर पुरेल.

“लाईन नऊपर्यंत आहे,” तो म्हणाला. “उरलेला रंग गाळाचा आहे.”

रंग मी गाळला. बुडाशी बसलेली पूड वर येईपर्यंत ढवळला. आजही माझं मत विचाराल तर चमक नसलेला रंग म्हणजे अर्धा रंग, हे मी कोणालाही सांगेन. वारा सुटला तेव्हा भावसुनेनं साडीचं एक टोक धरलं. दुसरं टोक मी धरलं, आणि लाईन जाईपर्यंत सोडलं नाही.